पिवळं ते पिवळं

९ जानेवारी

ठोंब्या,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे पत्र बाजूला टाकशील, हे मला ठाऊक आहे. टाक. पण फाडू नकोस, यात तुझ्या कामाचं आहे, माझं रडगाणं नाही. रडायला त्राण कुठे राहिलंय? जिना चढताना गुडघे माझ्याआधी बोलतात, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय, आणि मे महिन्यात मी नोकरीतून सुटतेय. सुटतेय म्हणताना बरं वाटतं, एवढंच.

तुझा पत्ता झिपरीनं दिला. झिपरी म्हणजे आमच्या वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात दोन वर्षांपूर्वी आलेली संशोधक मुलगी. केस असे की कंगव्यानं हात टेकावेत. तिनं तुला पत्र लिहिलं होतं, आणि तू रोपवाटिकेच्या छापील कार्डाच्या पाठीवर एका ओळीत उत्तर दिलंस, ‘मला त्यात पडायचं नाही.’ ते कार्ड तिनं मला दाखवलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि ते दुसऱ्याच कुणाला लिहिलेलं. म्हणजे तू तिकडे कुंड्या भरतोस तर. ज्या माणसाला पान बघून डोंगराची बाजू सांगता यायची, तो लोकांच्या बाल्कनीसाठी कुंड्या भरतो.

असो. मुद्द्यावर येते.

तुझं झाड सापडलं. नोव्हेंबरात झिपरी त्याच कड्यावर गेली होती जिथे तू गेला होतास, आणि बारा झाडं घेऊन आली. गुडघ्याएवढी, पानं खालून लोकरीसारखी पांढुरकी, वर पिवळी फुलं. तिनं तुझं वाळलेलं झाड चिकटवलेली ती शीट कपाटातून काढली आणि दोन्ही शेजारी ठेवली. पान पानाला शिरेनं शीर जुळतं. फूल मात्र जुळत नाही. तुझ्या शीटवरचं फूल त्या झाडाचं नाहीच, ते आपल्या आवारात गटाराकडेला उगवतं त्या पिवळ्या रानझाडाचं आहे. हे अकरा वर्षांपूर्वीच बाहेरच्या त्या तज्ज्ञानं शीट तपासून शोधून काढलं होतं. त्यावरूनच तू बनावट नमुना केलास, नाव व्हावं म्हणून एका झाडावर दुसऱ्याचं फूल चिकटवलंस, असा ठपका आला आणि तुला काढलं. पण तेव्हा सगळे फुलाकडेच बघत बसले. पानाकडे कुणी बघितलंच नाही. झिपरी म्हणते, झाड नवं आहे, आजवर त्याची नोंद कुणी केलेली नाही. तुझ्याशिवाय.

तिचा लेख फेब्रुवारीअखेर छापायला जाणार. पोरगी सरळ आहे. म्हणते, नमुना मुद्दाम केलेला बनाव असेल तर तुमच्या भावानं दिलेल्या नावाला कुणी हात लावणार नाही, मला नवं नाव द्यावं लागेल. पण फूल चुकून लागलं असेल तर नाव पानांना टिकतं आणि पहिले शोधणारे तुमचे भाऊच. मग माझ्या टेबलाला टेकून मला विचारते, “पण मावशी, ते फूल तिथं कसं आलं, हे आता कोण सांगणार?”

मी डिंक ढवळत होते. ढवळतच राहिले.

मी सांगणार, ठोंब्या. फूल मी लावलं.

तुला यातलं बरंच माहीत आहे, पण मला क्रमानं लिहू दे. मधे थांबले तर पुन्हा लिहायला बसणार नाही. तू डोंगरावरून आलास तो तापानं फणफणलेला. टिपकागदात दाबलेले नमुने माझ्या टेबलावर टाकलेस आणि तीन आठवडे अंथरुणाला खिळलास. त्या गठ्ठ्यात ते एकच झाड होतं, त्याला एकच फूल. जाताना म्हणालास, “ताई, हे जपून हं, हे वेगळं दिसतंय.” आता या जातीच्या फुलांचं तुला सांगायला नको. आपल्याला एक फूल दिसतं ते एक नसतंच, शेकडो बारीक फुलांचा गठ्ठा असतो, हे तूच मला शिकवलंस. वाळला की त्याचा कापूस होतो. म्हणून नियम असा की त्याचं फोल्डर उघडताना पंखा बंद करायचा. मी नाही केला. दुपारची वेळ, उकाडा, डोक्यात दहा कामं. फोल्डर उघडलं आणि फूल माझ्या डोळ्यांदेखत कापूस होऊन उडालं. खोलीभर. मी वेड्यासारखी टेबलाखाली शिरून वेचत बसले. हाताला काय लागलं, तर धूळ.

गळलेला प्रत्येक तुकडा कागदाच्या पुडीत घालून शीटच्या कोपऱ्यात चिकटवायचा, हेही नियमातच आहे. पण पुडीत घालणार काय? मला लाज वाटली. तू एवढा जीव धोक्यात घालून आणलेलं झाड, त्याला मी मुंडकंच ठेवलं नाही. शेजारी रानझाडांचे जादा नमुने पडले होते, फेकायचेच होते. त्यातलं एक फूल घेतलं आणि बसवलं. पिवळं ते पिवळं, असा माझा हिशेब. मला वाटलं, शीट छान दिसेल. दिसलीही छान. बरा झाल्यावर तू बघितलीस आणि म्हणालास, “ताई, तुझ्या हाताला तोड नाही.” आणि त्याच फुलावर डोळा लावून तू सगळं वर्णन लिहिलंस.

यातून एवढं मोठं काही होईल हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं तोवर तू निघून गेला होतास. तुझा पत्ता नव्हता. कुणाला सांगणार?

मी मॅडमना जाऊन सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

ताई


२ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण रोज चार वाजता पोस्टमन येतो तेव्हा मी काहीतरी काम काढून दाराशी जाते, हे शिपायाच्यासुद्धा ध्यानात आलंय. परवा म्हणाला, “मावशी, लग्नाचं स्थळ येणारय का कुठून?” मी म्हटलं, तुझ्यासाठीच शोधतेय, बस गप्प.

मॅडमकडे गेले. या मॅडम आपल्या वेळच्या नाहीत, चार वर्षांपूर्वी आल्या. शांत बाई आहेत, माणसाला पूर्ण बोलू देतात, आणि त्याचीच मला भीती वाटते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पंखा, कापूस, रानझाड. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग चौकशीची जुनी फाईल मागवली. अर्धा तास वाचत होत्या. मला बसा म्हणाल्या तेव्हाच ओळखलं, काहीतरी आक्रीत आहे.

म्हणाल्या, “पण इथं तर तुमच्या भावानं लेखी दिलंय. ‘हा नमुना मी स्वतःच्या हातानं चिकटवला. संग्रहातल्या कुणाचाही त्याच्याशी संबंध नाही.’ खाली सही आहे.”

मी तो कागद हातात घेतला. तुझीच सही. त्या शेपटीसकट.

तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? नाही, सांगच मला. तू चिकटवलंस? तू? लहानपणी वह्यांना कव्हरं घालताना डिंक कोपरापर्यंत जायचा तुझा. आईनं एकदा तुझे केस कापून डिंक सोडवला होता. आणि म्हणे मी स्वतःच्या हातानं. चौकशी समितीतल्या एकालाही तुझे हात बघावेसे वाटले नाहीत, याचं मला नवल वाटतं. मी एवढी चिडले की मॅडमसमोरच म्हणाले, “गाढव आहे तो.” मॅडम म्हणाल्या, “असतीलही. पण तुम्हा दोघांतलं एक जण खोटं बोलतंय, आणि लेखी त्यांचं आहे.”

झाली ना पंचाईत. आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले, तर माझ्याच भावाची सही आडवी आली. मॅडमचंही चुकत नव्हतं. निवृत्तीला चार महिने राहिलेली बहीण भावाचं नाव धुवायला आली, असंच कुणीही समजेल.

मग मी म्हटलं, शीट आणा. झिपरीनं आणली. मी ती पालथी केली आणि मागची पट्टी सोडवली. दांडा जाड असला की आपण तो डिंकावर सोडत नाही, दोऱ्यानं टाका घालतो आणि मागे गाठ मारतो. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते. इतक्या वर्षांत अशी गाठ मारणारं इथं दुसरं कुणी आलं नाही. मॅडमनी कपाटातून माझ्या कुठल्याही दहा शीट मागवल्या. दहाही उलट्या. त्या म्हणाल्या, “टाका तुमचा, मान्य. पण फूल त्यांनी मागाहून लावलं नसेल कशावरून?”

बाई हुशार आहे. पण काम माझं आहे. मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, वरचा टाका बघा. फुलाचा देठ आणि झाडाचा दांडा, दोन्ही मिळून एकाच टाक्यात आहेत. दोरा दोघांवरून गेलाय. म्हणजे टाका घालताना फूल जागेवर होतं. आणि टाका माझा, हे तुम्हीच आत्ता कबूल केलंत.

त्या बराच वेळ भिंगातून बघत होत्या. झिपरी माझ्याकडे बघत होती. तिची नजर मला सोसली नाही. आजवर मला मावशी मावशी करून डब्यातला घास देणारी पोर, आणि बघत होती अशी की मी तिच्या ओळखीचीच नाही.

एक विचारू? तू ते लेखी का दिलंस? तेव्हा मी इथं चौदा वर्षं हंगामी होते आणि त्याच महिन्यात मला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, म्हणून? म्हणूनच असणार. दुसरं कारण मला सापडत नाही. माझं नाव आलं असतं तर तो कागद तिथंच फाटला असता. पण फूल मी लावलं हे तुला कसं कळलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. तूही त्याचं उत्तर लिहू नकोस.

ताई


२० फेब्रुवारी

ठोंब्या,

सोबत एक छापील कागद आहे. रजिस्टरनं पाठवतेय, म्हणजे तुला सही करून घ्यावाच लागेल.

मॅडमनी वरच्या कार्यालयाला विचारलं. ते म्हणतात, बहिणीचा जबाब घेतला, गाठ पाहिली, सगळं ठीक. पण फाईलमध्ये त्या माणसाचं स्वतःचं लेखी असेपर्यंत ठपका काढता येत नाही. त्यानं आधीचं निवेदन मागे घ्यायला हवं. म्हणजे या छापील कागदावर तुला लिहून द्यायला हवं की मी चिकटवलं नव्हतं, माझ्या बहिणीनं चिकटवलं. घोडं तिथं अडलंय. तुझ्या झाडाला तू दिलेलं नाव राहायचं की नाही, हे आता तुझ्याच हातात आहे, आणि झिपरीचा लेख मार्चच्या मध्यापलीकडे थांबणार नाही. तिनं पंधरा दिवस मागून घेतलेत तेसुद्धा तुझ्यासाठी. माझ्यासाठी नाही. माझ्याशी ती हल्ली कामापुरतं बोलते.

माझं काय होईल याची काळजी तू करू नकोस. मे महिन्यात मला हार घालून निरोप द्यायचं ठरलं होतं, तो आता बहुतेक रद्द होईल. बरंच आहे, मला भाषणं ऐकवत नाहीत. मॅडम म्हणाल्या, चौकशी झाली तर निवृत्तीचे कागद अडकतील, वर्ष दोन वर्ष. अडकू देत. एका खोलीत राहते, एकटीचं जेवण करते, मला लागतं किती? थकलेय मी, ठोंब्या. कामानं नाही. काम मला अजून होतं. हे गाठोडं उचलून चालायचा कंटाळा आलाय. सकाळी उठले की पहिला विचार येतो, अजून एक दिवस कुणाला कळू द्यायचं नाही. अकरा वर्षं रोज सकाळी.

तुला नाव नको असेल, तेही मी समजू शकते. कुंड्या भरणाऱ्याला कुणी चौकशीला बोलावत नाही. पण तू त्या कड्यावर उतरलास तेव्हा खाली काय होतं हे झिपरीनं मला सांगितलं. ती दोर बांधून उतरली, बरोबर दोन माणसं होती. तू एकटा गेला होतास, अंगात ताप घेऊन. ते झाड तुझं आहे. माझ्या पायी ते दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, एवढं कर. मला वाचवायचं काम संपलं आता.

माझ्या जबाबाची नक्कल सोबत ठेवलीय. मी लिहिलंय की फूल मी बसवलं, त्याचा परिणाम काय होईल याची मला कल्पना नव्हती, आणि भाऊ निघून गेल्यावर मला चूक उमगली. वाचून बघ. तुझ्या आणि माझ्या लिहिण्यात फरक पडायला नको, म्हणून पाठवतेय.

ताई


१६ मार्च

ठोंब्या,

तुझा कागद आला. पाकीट मॅडमच्या नावानं होतं. मी ते पालथं करून बघितलं, आत माझ्यासाठी वेगळी चिठ्ठी असेल म्हणून. नव्हती.

मॅडमनी मला आणि झिपरीला बोलावून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. तू चार वाक्यं लिहिलीस. मला आता पाठ झालीत.

‘माझं आधीचं निवेदन खोटं होतं, ते मी मागे घेतो. हा नमुना माझ्या बहिणीनं चिकटवला. चौकशीच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं होतं. तिनं आठवत नाही म्हणून सांगितलं.’

मॅडम थांबल्या. माझा जबाब त्यांच्यासमोरच होता. भाऊ निघून गेल्यावर चूक उमगली, असं माझ्या अक्षरात लिहिलेला. त्यांनी एकदा याच्यावर बोट ठेवलं, एकदा त्याच्यावर, आणि विचारलं, “यातलं खरं काय?”

खरं सांगते, पहिल्यांदा तुझा रागच आला. ती शेवटची दोन वाक्यं नसती तर काही अडलं नसतं. तुझं नाव तुला मिळालंच असतं. मला थोडी जागा ठेवली असतीस उभं राहायला. नक्कल पाठवली होती ना तुला, कशासाठी पाठवली होती? आणि जिभेवर आलंसुद्धा माझ्या, की त्याचा काहीतरी गैरसमज झालाय, एवढ्या वर्षांत माणूस विसरतो. झिपरी खिडकीपाशी उभी होती. तिनं मान खाली घातली होती. मी काय बोलणार हे तिला आधीच कळल्यासारखी.

मी म्हटलं, “त्याचं खरं आहे.”

मग मॅडमनी मला नवा जबाब लिहायला सांगितला. लिहिला. तो फाईलला लागला. आज झिपरीचा लेख गेला. झाडाला तू दिलेलंच नाव आहे, आणि पुढे तुझं. तिनं स्वतःहून मला ते पान दाखवलं. मेमध्ये माझं काय व्हायचं ते होईल.

फाईलमध्ये सगळं आलं, पण फाईलमध्ये दोनच वाक्यं आलीत. उरलेलं तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तरी मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचंय. या आधीच्या तीन पत्रांत मी ते टाळत आले. तू वाचताना काय म्हणाला असशील, कुणास ठाऊक.

सकाळी अकराची वेळ होती. मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. तू आलास आणि दार लोटून घेतलंस. बसला नाहीस. म्हणालास, “ताई, त्या शीटवरचं फूल तू लावलंस का? मी रागावणार नाही. फक्त मला सांग. उद्या ते विचारतील आणि मला काही बोलता येणार नाही.”

मला आठवत होतं, ठोंब्या. कापूस कुठल्या कोपऱ्यात उडाला तेसुद्धा आठवत होतं. माझा कायम होण्याचा कागद दोन खोल्या पलीकडे पडलाय, हेही आठवत होतं. मी वर बघितलं नाही. म्हटलं, “दिवसाला तीस शीट करते मी. माझ्या काय लक्षात राहणार?”

तू “बरं” म्हणालास. एवढंच. तुला तेव्हाच कळलं होतं. मला खोटं बोलताना तू काय पहिल्यांदा बघत होतास?

मी सुईत दोरा ओवत होते आणि तो जात नव्हता. तू माझ्या हातातून सुई घेतलीस. तुझाही दोन वेळा चुकला. तिसऱ्यांदा ओवलास, सुई माझ्यापुढे ठेवलीस आणि गेलास.

त्या सुईनं मी त्या दिवशी उरलेल्या एकवीस शीट पूर्ण केल्या.

ताई